दख्खनच्या कडेपलीकडचा महाराष्ट्र

भारतातील पठारांची यादी शाळेतच पाठ होते: माळवा, बुंदेलखंड, छोटा नागपूर, बस्तर, मेघालय आणि दक्षिणेचा मोठा भाग व्यापणारे दख्खनचे पठार. या यादीत महाराष्ट्र सरसकट दख्खनच्या खात्यावर टाकला जातो. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग लाव्ह्यातून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे हे खरेच. सह्याद्रीचे कडे आणि अजिंठा-वेरूळची लेणी त्याच लाव्ह्यातली. पण चंद्रपूर आणि गडचिरोली, पश्चिमेकडची थोडी किनार सोडली तर, त्या लाव्ह्याच्या बाहेर आहेत. भूरचनेने ते बस्तर आणि छोटा नागपूरच्या कुळातले. त्यांना दख्खनचे शेवटचे टोक समजणे ही केवळ भूगोलाच्या पुस्तकातली ढिलाई नाही. शेती, पाणी आणि खाणी यांविषयीचे अनेक चुकीचे निर्णय तिच्यातूनच येतात, असे माझे मत आहे.

वरोरा-भद्रावतीकडच्या कपाशीच्या काळ्या रानातून पूर्वेला निघा. वर्धेच्या खोऱ्यात गोंडवाना काळातले वालुकाश्म लागतात आणि त्यांच्या थरांत दगडी कोळसा. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूर ही नावे त्याच पट्ट्यावरची. राजुरा-कोरपन्याकडे त्याहून जुना चुनखडक आहे, म्हणून गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने. वैनगंगा ओलांडून धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे गेले की अडीचशे कोटी वर्षांहून जुने स्फटिकी खडक उघडे पडतात. दख्खनचा लाव्हा अवघा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सिरोंचा तालुक्यात तर वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके मिळतात आणि त्याच तालुक्यातल्या कोटा गावाचे नाव ज्या थरांना दिले आहे, त्यांतून जुरासिक काळातले मासे निघाले आहेत. लाव्ह्याने झाकलेल्या महाराष्ट्रात हे सारे दृष्टीआड राहिले असते.

खडक बदलला की पाण्याचा व्यवहार बदलतो. नागभीड, सिंदेवाही, मूलपासून पुढे जमीन लाल-पिवळी, खाली खडक कठीण, वर झिजलेल्या मातीचा थर बेताचा आणि पाऊस भरपूर. असे पाणी खोल मुरत नाही; ते उतारावरच अडवावे लागते. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळापासून इथल्या लोकांनी तेच केले. उताराच्या दोन उंचवट्यांमध्ये मातीची पाळ घालायची, कडेच्या कठीण जागेतून सांडवा काढायचा, खाली धानाच्या बांध्या एकीखाली एक उतरवत न्यायच्या आणि जिथे तलाव बसत नाही तिथे बोडी, म्हणजे छोटे तळे, खणायची. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने या कामात नाव मिळवले. मालगुजारी संपल्यावर हे तलाव सरकारजमा झाले, ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून कागदोपत्री राहिले आणि पुष्कळ ठिकाणी गाळाने भरले. मोठे धरण आणि खोल विहीर यांच्याच हिशेबात अडकलेल्या दृष्टीला या साखळीचे मोल कळले नाही.

या प्रदेशाला बस्तरच्या कुळातले म्हणण्यावर पहिला आक्षेप उंचीचा. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर आहे, तर पुणे साडेपाचशेच्या वर. मग याला पठार कसे म्हणावे? उत्तर खडकाच्या वयात आहे. कोट्यवधी वर्षे वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांनी हा प्रदेश कोरला. मऊ भाग खाली गेला, कठीण भाग टिपागड, सुरजागड, भामरागडच्या डोंगरांच्या रूपाने उरला. भामरागडच्या पूर्वेला तोच प्रदेश अबूझमाडमध्ये चढत जातो; छत्तीसगडची सीमा त्याला अडवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खडक जुना असो वा नवा, इथल्या तरुणाला रोजगार हवा, आणि लोखंड तर याच खडकात आहे. रोजगाराची गरज निर्विवाद. पण कोळसा आणि लोखंड यांत एक फरक आहे, तो लक्षात घेतला पाहिजे. कोळसा खोऱ्यात असतो, तो काढला की खड्डा पडतो. सुरजागडचे लोहखनिज हे डोंगराचेच कठीण अंग आहे. ते आहे म्हणून डोंगर झिजला नाही. तिथले खनिज काढणे म्हणजे डोंगराचा माथा काढणे. आणि त्याच माथ्यावरून नाले निघतात, तिथेच ठाकूरदेवाचे स्थान आहे, जानेवारीत परिसरातली गावे यात्रेला जमतात. हा हिशेब टनांत मांडून पुरा होत नाही. जंगलावर गावाचा हक्क राहिला तर उत्पन्न बुडते, हेही खरे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीचा व्यवहार ग्रामसभेने स्वतः हाताळला.

म्हणून मागणी साधी आहे. राज्याच्या शालेय नकाशात लाव्ह्याची पूर्व कड स्पष्ट आखावी आणि तिच्या पलीकडचा प्रदेश बस्तरच्या पठाराचा भाग म्हणून शिकवावा. सिंचनाचा पैसा या दोन जिल्ह्यांत आधी मामा तलावांच्या गाळ-पाळीवर खर्च व्हावा. आणि डोंगरमाथ्यावरच्या कोणत्याही नव्या खाणीला, ज्या गावांचे नाले त्या माथ्यावरून निघतात त्या सर्व ग्रामसभांच्या लेखी संमतीशिवाय परवानगी देऊ नये.