अनुग्रह की भरपाई?

‘सानुग्रह अनुदान’ हा शब्द दिवाळीच्या सुमारास महापालिका कर्मचाऱ्यांच्या बातम्यांत आपण दरवर्षी वाचतो. अनुग्रह म्हणजे कृपा. देणाऱ्याने आपखुशीने द्यावे, घेणाऱ्याचा त्यावर कायद्याने हक्क नाही, असा या शब्दाचा रोख आहे. बोनसच्या बाबतीत तो कोणाला फारसा बोचत नाही. पण सरकारी रुग्णालयात टोचलेल्या औषधातून ज्याच्या अंगात जीवघेणा रोग शिरला, त्याच्या हाती पैसे ठेवतानाही सरकार हीच भाषा बोलू लागले तर? ब्रिटनमध्ये असेच घडले, आणि ती भाषा बदलून घेण्यात रुग्णांची पस्तीसहून अधिक वर्षे गेली.

हीमोफिलिया हा बहुधा मुलग्यांना होणारा आनुवंशिक विकार. रक्त गोठविणारा एक घटक त्यांच्या शरीरात पुरेसा नसतो. त्यामुळे साध्या ठेचेने गुडघ्यात रक्त साकळते, सांधे आखडतात. १९७० नंतर ‘फॅक्टर आठ’ची पूड आली. घरच्या फ्रीजमध्ये ठेवावी, पाण्यात विरघळवून स्वतःच टोचून घ्यावी. रुग्णालयाच्या वाऱ्या चुकल्या, मुले शाळेत जाऊ लागली. त्या घरांना हे वरदानच वाटले असल्यास नवल नाही.

दोष होता तो पूड तयार करण्याच्या रीतीत. हजारो माणसांचा रक्तद्रव एकत्र मिसळून ती बनवीत. त्यांतला एक दाता रोगी निघाला तरी सारा घाणा बाधित होई. ब्रिटनला आपले उत्पादन पुरेना, म्हणून अमेरिकेतून माल आला. तेथे रक्तद्रव पैसे देऊन विकत घेत, आणि विकणाऱ्यांत कैदी व व्यसनीही असत. यातून कावीळ पसरते हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते. पुढे त्याच वाटेने एड्सचा विषाणूही आला. रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना त्याची बाधा झाली. त्यांत सुमारे ३८० मुले होती. हॅम्पशायरमधील ट्रेलोर या निवासी शाळेत १९७० ते १९८७ या काळात हीमोफिलियाची १२२ मुले शिकली. त्यांपैकी आज सुमारे तीसच हयात आहेत. रक्त चढविल्याने ‘सी’ काविळीची बाधा झालेले धरले तर एकूण आकडा ३०,००० च्या वर जातो.

आता पैशाकडे वळू. १९८८ मध्ये सरकारी पैशातून मॅक्फर्लेन न्यास स्थापन झाला. पण तो दानधर्माच्या नियमांनी चाले. रुग्णाने आपली गरज सिद्ध करावी, मग मिळेल ते घ्यावे. १९९१ च्या तडजोडीत तर एक अट होती. पैसे हवे असतील तर यापुढे काविळीबद्दलही दावा लावणार नाही, असे लिहून द्यावे लागे. सह्या करणाऱ्या कित्येकांना आपल्याला ‘सी’ कावीळ आहे हेच तेव्हा माहीत नव्हते! व्यवहारात हिला सौदा म्हणतात. मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

२०१७ मध्ये चौकशी जाहीर झाली. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. हा अपघात नव्हता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्याच दिवशी माफी मागितली. भरपाईसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील अंदाजपत्रकात ११.८ अब्ज पौंड राखून ठेवण्यात आले.

भरपाई मोजण्याची पाच शीर्षके ठरली आहेत. शारीरिक व मानसिक इजा, बुडालेले उत्पन्न, शुश्रूषेचा खर्च ही आपल्या ओळखीची. चौथे सामाजिक हानीचे. कारण एड्सच्या भीतीने शेजारी तुटले, नोकऱ्या गेल्या. पाचवे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वतःच्या देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हिरावला गेला, त्याचीही वेगळी रक्कम. अनेकांची रक्ततपासणी त्यांना न विचारता झाली होती आणि निकाल वर्षानुवर्षे सांगितला गेला नव्हता. मॅक्फर्लेनच्या हिशेबवहीत या नुकसानीला रकानाच नव्हता.

तरी पैसे हाती पडण्यास उशीर होतोच आहे. लँगस्टाफ यांना जुलै २०२५ मध्ये पुरवणी अहवाल काढून याबद्दल सरकारला सुनवावे लागले. प्रारंभी तर रुग्णाला स्वतः होऊन दावा दाखल करता येत नव्हता. प्राधिकरणाकडून बोलावणे येईपर्यंत थांबावे लागे. काही जण वाट पाहतच वारले.