तुरटी जिथे हरते

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपले उपाय ठरलेले असतात. तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी उकळून गार करायचं. शत्रू गाळ आणि जंतू असेल तोवर हे उत्तम चालतं. इटलीतल्या व्हिचेन्झा प्रांतात मात्र नळातून जे येत होतं त्याला ना रंग होता, ना वास, ना चव.

त्या रसायनांच्या कुळाचं नाव ‘पीफास’. तव्याला डोसा चिकटू नये, रेनकोटवरून पाणी ओघळून जावं, तेलाची आग फेसाने विझावी, म्हणून ती वापरात आली. त्यांची ताकद कार्बन आणि फ्लोरिन यांच्या बंधात आहे. हा बंध इतका चिवट, की जंतूंना तो सहसा तुटत नाही आणि चुलीवरच्या आचेला तर तो मुळीच दाद देत नाही. पाणी उकळलं तर वाफ निघून जाते आणि पीफास भांड्यात उरतं.

व्हिचेन्झातल्या त्रिस्सिनो गावचा मितेनी कंपनीचा पीफास बनवणारा कारखाना १९६०च्या दशकातला. त्यातली रसायनं जमिनीखालच्या पाण्यात मुरली. २०१३मध्ये सरकारी अभ्यासातून हे उघड झालं, तेव्हा सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. रक्ताच्या तपासण्यांत तीच रसायनं सापडली. त्यांपैकी ‘पीएफओए’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३मध्ये कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठेवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!

व्हिचेन्झातलं प्रदूषण उघड झाल्यावर तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रांत सक्रिय कोळशाचे थर बसवले गेले. कोळशाच्या असंख्य छिद्रांत पीफास अडकतं. पण छिद्रं भरत जातात, आणि आखूड कार्बन-साखळीचे रेणू तर आधीच निसटतात. आरओच्या पडद्यालाही पीफास अडतं, पण टाकाऊ पाण्याबरोबर ते बाहेर जातं. थोडक्यात, गाळण विष पकडते, मारत नाही. ते नष्ट करायचं तर भरलेला कोळसा प्रचंड तापमानाला द्यावा लागतो. म्हणून नळाशी उपाय शोधण्यापेक्षा कारखान्याच्या सांडपाण्याशीच ते अडवणं स्वस्त पडतं.

मितेनी २०१८मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२५मध्ये न्यायालयाने या प्रदूषणाच्या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. दरम्यान त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम इथे आली. आपल्या पेयजल मानकाच्या २०१२च्या आवृत्तीत पीफाससाठी मर्यादाच नाही.

लोट्याच्या परिसरातल्या विहिरींचं पाणी आजच तपासून आकडे नोंदवून ठेवता येतील. पुढे काही बदललं, तर तुलनेला ते हाताशी असतील. व्हिचेन्झातल्या गावांना आपण काय पितोय हे कळलं, तेव्हा कारखाना सुरू होऊन जवळपास अर्धं शतक लोटलं होतं.