विश्लेषण : दहा पुरुष जमले नाहीत तरी शनिवार पाळला जातो… पनवेलच्या बेने इस्रायली घरांत श्रद्धा कशी टिकली?

जुन्या पनवेल शहरातील बेथ एल सिनेगॉग १८४९ मध्ये बांधले गेले. ज्यू धर्माच्या पारंपरिक नियमानुसार येथे पूर्ण सामूहिक प्रार्थना करायची असेल, तर १३ वर्षे पूर्ण केलेले किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. कधी काळी ही अट कुणाच्या लक्षातही येत नसे. आता रायगड जिल्ह्यातील लहान सिनेगॉगसमोर तोच मोठा प्रश्न आहे. मात्र मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजाचा, म्हणजे बेने इस्रायलींचा इतिहास पाहिला, तर सिनेगॉग बांधले जाण्याच्या कितीतरी आधीपासून हा धर्म घरात, स्वयंपाकघरात आणि आठवड्याच्या एका दिवसात जपला गेला आहे. तो कसा आणि पुढे काय, याचा हा आढावा.

बेने इस्रायली कोण?

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची मुले. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच दफन करण्यात आले, असे मानले जाते आणि तेथे आज स्मारक आहे. ही घटना कधी घडली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीपासून ते त्यानंतरच्या कित्येक शतकांपर्यंत वेगवेगळे काळ सांगितले जातात.

वाचलेली कुटुंबे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत पांगली. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमवरून केहीमकर, चौलवरून चेऊलकर. हिंदी चित्रपटांतील ज्येष्ठ अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हेही याच समाजाचे. मुंबईतील डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ग्रंथ नव्हता, मग धर्म कशावर टिकला?

कोकणात आलेल्या या लोकांकडे धर्मग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषाही हळूहळू विसरली गेली. उरल्या त्या मोजक्या गोष्टी. देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलाची जन्मानंतर आठव्या दिवशी होणारी सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम.

याच नियमांवरून समाजाची ओळख पटली, अशी कथा घराघरांत सांगितली जाते. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक ज्यू असावेत, असा त्याला संशय होता. त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला काढले. ज्यू आहारनियम नेमका हाच आहे. रहाबीने मग काही निवडक कुटुंबांतील पुरुषांना धर्मविधी शिकवले, असे परंपरा सांगते. कथेचा काळ वादातीत नाही, पण तिचा रोख स्पष्ट आहे. परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही, बायकांच्या स्वयंपाकाची झाली.

ग्रंथांशी पुन्हा ओळख झाली ती पुढे, मुख्यतः १९ व्या शतकात. कोचीहून ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकवली जाऊ लागली. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचली जाणारी ‘हग्गादा’ ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. धर्मकथा लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी याच शतकाच्या उत्तरार्धात समाजाने चक्क मराठी कीर्तनाचा आधार घेतला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनाच्या चालीत रंगू लागली.

शनिवार नेमका कसा पाळला जातो?

ज्यू दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. त्यामुळे ‘शब्बाथ’ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसल्यावर संपतो. या काळात ३९ प्रकारची कामे वर्ज्य मानली जातात. पेरणी, विणकाम, लिहिणे, स्वयंपाक, विस्तव पेटवणे ही त्यांपैकी काही.

साहजिकच घरातील खरी धावपळ शुक्रवारी दुपारी असते. दोन वेळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी उरकावा लागतो. त्यानंतर घरातील स्त्री दिवा लावते. कुठे तेलाचा दिवा असतो, कुठे मेणबत्त्या. द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणण्याचा विधी असतो, पण कोकणात धर्मनियमांत बसणारी वाइन कुठून मिळणार? त्यावर समाजाने शोधलेला उपाय आजही चालतो. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या आणि गाळून त्याचे सरबत करायचे. मग भाकरी-पोळी किंवा पावावर आशीर्वाद आणि एकत्र जेवण.

घराच्या दाराच्या चौकटीवर ‘मेझुझा’ असतो. त्या लहानशा नळीत शेमाचा मजकूर लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते. येता-जाता त्याला बोटे लावून ती ओठांना लावली जातात.

सगळ्या घरांत हे सारखेच काटेकोर असते, असे नाही. शनिवारी कार्यालय किंवा शाळा असली की अडचण होते. घाण्याचा मालक घाणा बंद ठेवू शकत होता, नोकरदाराला ती सोय नाही. त्यामुळे शुक्रवारचा दिवा आणि एकत्र जेवण कायम आणि शनिवारची सुटी जमेल तशी, अशी तडजोड अनेक कुटुंबे करतात.

स्वयंपाकघरात काय चालते, काय चालत नाही?

पनवेल, उरण, अलिबागच्या पट्ट्यात राहून कोळंबी, खेकडे, शेवंड, तिसऱ्या वर्ज्य करणे ही साधी गोष्ट नाही. बेने इस्रायली घरात यातले काहीच शिजत नाही, कारण त्यांना खवलेही नाहीत आणि परही नाहीत. मुशीही चालत नाही. पापलेट मात्र चालते.

मांस शास्त्रोक्त पद्धतीने कापलेले लागते आणि मांसाबरोबर दुधाचा कोणताही पदार्थ खाता येत नाही. म्हणजे मटणात दही नाही, बिर्याणीत तूप नाही आणि जेवणानंतर लगेच खीर नाही. इथे कोकणातला नारळ कामी आला. रस्सा नारळाच्या दुधात, गोडही नारळाच्या दुधात. नववर्षाला होणारा ‘चिकाचा हलवा’ गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर घालून तासन् तास ढवळत करतात. हाताला काम भरपूर असल्याने घरातील सगळ्यांना त्यात ओढले जाते.

सणांना मराठी नावे कशी पडली?

हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले. मग त्यांना मराठी नावे मिळाली. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे.

• रोश हशाना (नववर्ष) : नव्याचा सण
• योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपवास) : दारफाळणीचा सण. या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून कुटुंब घरातच थांबे.
• पुरीम : होळीचा सण
• तिशा बआव (जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक) : बिरड्याचा रोजा, कारण उपवास वालाच्या बिरड्याने सोडला जाई.

ही नावे केवळ शेजाऱ्यांचे पाहून पडली नाहीत. हिब्रू पंचांगही आपल्यासारखेच चंद्रावर चालते आणि सूर्याशी मेळ घालण्यासाठी त्यातही अधिक महिना धरतात, १९ वर्षांत सात वेळा. त्यामुळे दोन्हीकडचे सण अनेकदा लागून येतात. २०२५ मध्ये १३ मार्चच्या संध्याकाळी पुरीम सुरू झाला आणि त्याच रात्री होळी पेटली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्या दिवशी सूर्यास्ताला ज्यू नववर्ष लागले.

मलिदा म्हणजे काय?

राजकारणाच्या बातम्यांमुळे ‘मलिदा’ या शब्दाला वेगळाच वास आला असला, तरी बेने इस्रायली घरात तो सर्वांत पवित्र प्रसाद आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची आणि सुकामेवा एकत्र करून ताटात ठेवतात. सोबत फळे आणि सुवासिक फुले किंवा पाने. झाडावरच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्या फळाचा वेगळा. केळ्याचे झाड खऱ्या अर्थाने झाड नसल्याने केळे दुसऱ्या गटात मोडते. सुगंधासाठीही स्वतंत्र आशीर्वाद म्हणतात.

हा विधी एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ होतो. लग्नापूर्वी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना मलिदा केला जातो. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे आणि इस्रायलला गेलेली कुटुंबेही तेथे नवस फेडायला येतात. जगातील इतर ज्यूंमध्ये मलिदा नाही. तो कोकणातून इस्रायलला गेला.

मग दहा पुरुषांचा प्रश्न कुठे येतो?

दिवा, मेझुझा, हलवा यांसाठी कुणाची संख्या मोजावी लागत नाही. पण काही गोष्टी घरात एकट्याने होत नाहीत. सिनेगॉगमधील तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेला पवित्र ग्रंथ, विधिपूर्वक उघडून वाचायला दहा जण लागतात. आणि मृत व्यक्तीसाठी मुलाने म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थनाही दहा जणांशिवाय म्हणता येत नाही. म्हणजे संख्या घटली की फटका रोजच्या श्रद्धेला नाही, तर नेमका दुःखाच्या प्रसंगी बसतो. वडील गेले, मुलगा उभा आहे, पण दहावा माणूस नाही, ही वेळ लहान गावांत येऊ शकते. अशा वेळी आसपासच्या शहरांतून माणसे बोलावण्यावाचून इलाज उरत नाही.

स्त्रियांना मोजले तर? पारंपरिक सिनेगॉग ते मान्य करत नाहीत. मात्र सुधारणावादी विचारांची ‘ज्युइश रिलिजियस युनियन’ मुंबईत १९२५ मध्येच स्थापन झाली. त्यात पुढाकार होता तो प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचा.

संख्या इतकी का घटली?

कारण छळ नव्हे. भारतात आपल्याला धर्मावरून त्रास झाला नाही, असे हा समाज आवर्जून सांगतो. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर धर्माची ओढ आणि चांगल्या भविष्याची आशा यांमुळे स्थलांतर सुरू झाले. तिथे सुरुवात सोपी नव्हती. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केल्या. आंदोलने झाली आणि १९६४ मध्ये इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. आज अश्दोद, दिमोना, बीर शेवा, लोद या शहरांत मोठी मराठी वस्ती आहे. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघाले.

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या सुमारे साडेचार हजारांवर आली. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात होते.

पुढे काय?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पश्चिम बंगालनंतर असे करणारे हे दुसरे राज्य. त्यामुळे स्वतंत्र नोंद, शिक्षणसंस्था आणि शासकीय योजना यांचा मार्ग खुला झाला. मात्र दर्जा मिळाल्याने दहावा माणूस मिळत नाही.

पनवेलचे बेथ एल मात्र उभे आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात त्यात पाणी शिरले, पण तोराच्या गुंडाळ्या सुरक्षित राहिल्या, ही गोष्ट समाजात चमत्कार म्हणून सांगितली जाते. त्याच गावाचे आता महानगर झाले आहे आणि शेजारी विमानतळही आला आहे. पाहुणे येतील, जुनी वास्तू पाहतील. वास्तू जपणे तुलनेने सोपे आहे, त्यासाठी निधी आणि डागडुजी पुरते.

घरातला धर्म जपणे वेगळे. जेथे ग्रंथ नव्हता, सिनेगॉग नव्हते, तेथे या समाजाने दिवा, मासा आणि शनिवार एवढ्या भांडवलावर शतके काढली. त्यामुळे संख्या आणखी घटली तरी घरातला शुक्रवारचा दिवा लगेच विझणार नाही. खरा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. तो लावायला मुले पनवेलमध्ये राहतील, की अश्दोदमध्ये बसून काळ्या मनुका भिजवतील?