48 किलोबाइटची खाण

'मॅनिक मायनर' हा गेम 1983 साली ब्रिटनमध्ये आला. तो लिहिणारा मॅथ्यू स्मिथ विशीही न गाठलेला पोरगा, बाजारात आणणारी कंपनी बग-बाइट. गेम चालायचा झेडएक्स स्पेक्ट्रमवर. हा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची आणि काही मिनिटं तिचा कर्कश आवाज सोसायचा. टेपचा आवाज थोडा कमीजास्त झाला, की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला काढला होता.

गोष्ट म्हणाल तर अगदी साधी. विली नावाचा खाणकामगार, 20 गुहा. प्रत्येक गुहेतल्या चाव्या गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत दार गाठायचं. उडी एकदा मारली की हवेत वळता येत नाही. त्यामुळे मरण येतं ते बहुतेक वेळा आपल्याच घाईने. खेळणाऱ्याला चिडायला जागाच ठेवलेली नाही!

खरी करामत आत आहे. मेमरी 48 किलोबाइट, त्यातली जवळपास 7 एकट्या स्क्रीनवर खर्च. स्मिथने एका गुहेला 1024 बाइट दिले. गुहेचा नकाशा 32 बाय 16 चौकटींचा, म्हणजे 512 बाइट. दर चौकटीला एक. हा बाइट त्या चौकटीचा रंग सांगतो आणि तोच रंग तिची जातही ठरवतो. पायाखाली पक्की जमीन आहे, खचणारी आहे, सरकता पट्टा आहे की जीवघेणा काटा, हे प्रोग्राम रंगावरूनच ओळखतो. वेगळा तक्ता नाही, वेगळी नोंद नाही. आजच्या प्रोग्रामरला हा आळस वाटेल. मला ही शुद्ध हुशारी वाटते.

संगीताचंही तसंच. स्पेक्ट्रमला वेगळी ध्वनी-चिप नव्हती, आवाज प्रोसेसरनेच काढायचा. मग खेळाच्या प्रत्येक फेरीत स्वराचा एक तुकडा वाजवायचा आणि पुढची हालचाल करायची. ग्रीग या संगीतकाराची सुरावट त्यामुळे अडखळत वाजते, पण खेळ चालू असताना वाजते. तेव्हा स्पेक्ट्रमवर ही नवलाई होती.

पुढचा 'जेट सेट विली' (1984) मोठा होता, पण त्यात दोष राहिले. पोटमाळ्याच्या खोलीत शिरलं की पुढचा खेळच बिघडायचा. तो काढणाऱ्या दुसऱ्या कंपनीने आधी सांगून पाहिलं, की हा दोष नाही, खेळाचाच भाग आहे! माझी पसंती पहिल्यालाच.

ही हुशारी वर्गातही शिकवता येईल. कोकणात वेळणेश्वरला महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना एक विनंती: 'मॅनिक मायनर'च्या प्रोग्रामची बाइट-बाइट उकल हौशी मंडळींनी केव्हाच करून ठेवली आहे. एक तास काढा, आणि मुलांना पहिली गुहा आलेखाच्या कागदावर 512 चौकटींत मांडायला लावा.