विशेष मूल औषधाला तोंड उघडत नाही, तेव्हा काय करावे?



वस्तीत आरोग्य तपासणीचे पथक येऊन गेले की काही घरांत हमखास ऐकू येते : "पोराच्या अंगात रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं औषधही दिलं, पण हा तोंडच उघडत नाही. दोघांनी धरून पाजलं तरी फुर्रकन अंगावर उडवतो." मूल स्वमग्न असेल, डाऊन सिंड्रोमचे असेल, सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय आखडलेले असेल किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर ही झटापट रोजची होते. शेवटी आई दमते आणि बाटली कपाटावर जाते ती जातेच.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. अशा मुलाचा नकार म्हणजे हट्ट किंवा लाडावलेपण नसते. त्यामागे बहुतेक वेळा कारण असते आणि ते शोधले तर वाट सापडते. जबरदस्तीने एक चमचा पोटात जातो, पण पुढचे शंभर चमचे बंद होतात.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. हा आकडा सगळ्या मुलांचा आहे. त्यात जे मूल फक्त पांढरा भात, बिस्कीट आणि कुरकुरे एवढ्यावरच जगते, त्याची अवस्था काय असेल ते लक्षात येते. रक्त कमी असले की मूल लवकर दमते, चिडचिड करते, त्याचे लक्ष टिकत नाही. घरचे म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा आहे." पण त्यातला काही भाग आजाराचा नसून कुपोषणाचा असतो आणि तो बरा होऊ शकतो. मूल माती, खडू किंवा भिंतीचा चुना खात असेल तर त्याला मारू नका, रक्त तपासा. लोह कमी असले की अशी खोड लागू शकते.

औषधाआधी तपासणी

शेजारच्या मुलाला लागू पडलेले टॉनिक आपल्या मुलाला देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी किंवा ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे ११.५ पेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय आहे असे समजतात.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजाप्रमाणेच विदर्भातील बौद्ध समाजातही बराच आढळतो. नाशिकच्या वस्त्यांमध्ये विदर्भातून आलेली कुटुंबे आहेत, सोयरिकीही तिकडच्या होतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाचे रक्त कमी दिसते, पण त्याचे कारण नेहमी लोहाची कमतरता हेच नसते. अशा मुलाला डॉक्टरांना न विचारता लोहाचे औषध देत राहणे धोक्याचे आहे, कारण शरीरात लोह साठून राहू शकते. घराण्यात कोणाला सिकलसेल असेल, मुलाचे हातपाय वारंवार ठणकत असतील किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर ती तपासणी आधी मागा. ती सरकारी रुग्णालयात होते.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो, म्हणून त्यांची ती तपासणीही व्हावी. फिट्सची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवाच. फिट्सच्या काही औषधांमुळे शरीरातील 'ड' जीवनसत्त्व कमी होते आणि काही औषधांचा फॉलिक ॲसिडशी मेळ बसवावा लागतो. फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तोंड का उघडत नाही?

चार दिवस फक्त निरीक्षण करा.

चव आणि वास : लोहाच्या औषधाला गंजल्यासारखी चव असते. आपल्याला ती थोडी वाईट लागते, स्वमग्न मुलाला मात्र असह्य होऊ शकते. काही मुलांना बाटली उघडताच वासाने उलटी येते.

स्पर्श : काहींना चिकट सिरप नको असते, काहींना धातूचा थंड चमचा. तेच औषध प्लॅस्टिकच्या चमच्यातून घेणारी मुलेही असतात.

दुखणे : किडलेला दात, तोंड आलेले, घसा बसलेला. बोलता न येणारे मूल हे नकारातूनच सांगते.

पोट : लोहाच्या औषधाने काही मुलांना बद्धकोष्ठता होते. पोट कडक आणि फुगलेले असेल तर कोणालाही खावेसे वाटत नाही.

गिळण्याची अडचण : सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला जेवताना वारंवार ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घरघरत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती प्रयोग थांबवा आणि आधी डॉक्टरांना व थेरपिस्टना दाखवा.

भीती : पूर्वी कोणी नाक दाबून पाजले असेल तर ते मूल बाटली पाहताच पळते.

या चुका टाळा

नाक दाबून, आडवे पाडून किंवा रडत असताना औषध ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. जीव जाण्याचाही धोका असतो.

मूल जे एकच अन्न आवडीने खाते त्यात औषध चोरून मिसळू नका. समजा, एक मुलगा फक्त वरणभात खातो आणि आईने त्यातच सिरप घातले. चव बदललेली त्याला कळते आणि दुसऱ्या दिवशी तो वरणभातही सोडतो. औषध गेले नाहीच, अन्नही गेले. मिसळायचेच असेल तर वेगळ्या वाटीत दोन चमचे पदार्थ घ्या आणि ते औषध असल्याचे मुलाला सांगा.

ग्लासभर पेयातही मिसळू नका. मूल अर्धे पिऊन ठेवते आणि किती औषध पोटात गेले ते कळत नाही. लोहाचे औषध दूध किंवा चहाबरोबर तर देऊच नका, त्यांच्यामुळे लोह अंगी कमी लागते.

गोळी चुरडण्याआधी विचारा. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या फोडायच्या नसतात.

औषधाला 'चॉकलेट' म्हणू नका. गुलाबी गोळ्या गोड समजून मुलाने मूठभर खाल्ल्या तर लोहाची विषबाधा होते आणि ती जीवघेणी असते. बाटली व गोळ्या उंच जागी, कुलपात ठेवा. असे घडलेच तर घरगुती उपाय न करता पाकीट हातात घेऊन तडक रुग्णालय गाठा.

पायरी पायरीने सवय

पहिल्या आठवड्यात औषध द्यायचेच नाही, असे डॉक्टरांना विचारून ठरवता आले तर उत्तम. रक्त फारच कमी असेल तर थांबता येत नाही. तेव्हा दुसरा मार्ग डॉक्टर सांगतील.

पहिली पायरी : सुईशिवायची सिरिंज औषधाच्या दुकानातून आणा. तिचे छोटे टोपण आधी फेकून द्या, ते घशात अडकू शकते. मुलाला तिच्याशी पाण्यात खेळू द्या.

दुसरी : सिरिंजमधून त्याच्या आवडीचे पाणी किंवा सरबत ओठांवर लावा, मग तोंडात एक थेंब.

तिसरी : औषधाचा एक थेंब ओठावर. चाटले तरी शाबासकी, पुसून टाकले तरी रागावणे नाही.

चौथी : थेंबाचे अर्धा मिलि, मग एक मिलि, असे करत पूर्ण मात्रा. एखाद्या मुलाला आठ दिवस लागतील, एखाद्याला दोन महिने.

देताना मुलाला ताठ बसवा, मान मागे टाकू नका, हनुवटी किंचित खाली असू द्या. सिरिंज जिभेच्या मधोमध न धरता गालाच्या आतल्या बाजूला धरा. थोडे द्या, गिळू द्या, मगच पुढचे. नंतर पाण्याने चूळ भरायला लावा किंवा दात पुसा, म्हणजे दातांवर काळे डाग पडणार नाहीत. शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका.

वेळ, जागा आणि माणूस रोज तेच ठेवा. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे माहीत असले की भीती कमी होते. तीन चित्रे भिंतीला लावा : सिरिंज, पाण्याचा पेला, आवडते खेळणे. "एक, दोन, तीन, झालं" असे मोजा आणि 'झालं' म्हटल्यावर खरोखर थांबा. शब्द पाळला की विश्वास बसतो. बक्षीस लगेच द्या, पण गोळ्या-बिस्किटांचे नको. पाठीवर थाप, आवडते गाणे, पाच मिनिटे झोका.

एवढे करूनही जमले नाही तर औषध बदलून मागा. थेंब, सिरप, चघळायची गोळी असे प्रकार असतात. लोहाचे काही क्षार चवीला जास्त सौम्य असतात. "मूल घेत नाही" हे डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. न सांगता बाटली कपाटावर ठेवणे हेच नुकसानीचे.

किती द्यायचे?

सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा १ मिलि सिरप, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी दिली जाते. ही मात्रा रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त कमी झालेले असेल तर उपचाराची मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरच ठरवतात. जंताची गोळीही वेळेवर घ्या. 'ड' जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या मनाने देऊ नका. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर अंगात साठते आणि अपाय करते.

डब्यातल्या महागड्या पावडरींवर मजुरीचे पैसे घालवण्याआधी लेबल वाचा. अनेकांत साखरच भरपूर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असे कळवले होते. लेबल नसलेली चूर्णे आणि भस्मेही नकोत, त्यांत शिसे किंवा पारा असू शकतो.

ताटातले लोह

औषध चालू असले तरी ताट सोडायचे नाही. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरातली नागली आपल्या बाजारात मिळते. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. पातळ आंबील, घट्ट सत्त्व, कुरकुरीत पापड यांपैकी मुलाला जो पोत चालतो तो निवडा. कलेजी, मटण, सुकट, बोंबील यांतले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी लवकर लागते. ज्या मुलाला कुरकुरीत आवडते त्याला तव्यावर खरपूस भाजलेल्या सुकटीची बारीक पूड भाकरीवर भुरभुरून पाहा. काटा मात्र राहू देऊ नका. मटकी-डाळीवर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरूची मऊ फोड द्या. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाते. नवा पदार्थ ताटाच्या कडेला नुसता ठेवा. मूल त्याला दहा-पंधरा वेळा पाहील, हुंगेल, कदाचित मग चाखेल.

मदत कुठे?

अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्या दिवशी विशेष मुलाला घरी लपवू नका, सर्वांत पुढे बसवा. तेथून त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात पाठवणी मागता येते. नाशिकरोडला महापालिकेचे बिटको रुग्णालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी तर आहेतच, पण सिकलसेल आणि थॅलेसेमियाही आहेत. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून थेरपीचा खर्चही बसतो.

नाशिकला या कामाची परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली येथे प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा मोजक्या मुलांना घेऊन सुरू केली. अशा शाळांतले शिक्षक मुलाला चमचा धरायला, चघळायला, गिळायला शिकवण्याचे काम रोज करतात. त्यांना विचारा.

आणि एकट्या आईवर हे सोडू नका. बाप, आजी, मोठी बहीण यांनी एकच पद्धत पाळावी. आईने समजावून द्यायचे आणि बापाने दरडावून, असे झाले तर मूल गोंधळते. रविवारी वंदनेला विहारात जमतो तेव्हा अशा मुलांच्या आईबापांनी अर्धा तास एकत्र बसावे. कोणाच्या मुलाने कोणत्या चमच्यातून औषध घेतले हे ऐकूनही दुसऱ्या घराची वाट मोकळी होते.

या आठवड्यात एवढेच करा : कपाटावरची बाटली खाली काढा, तिची मुदत तपासा, रक्ताचा रिपोर्ट शोधा आणि मुलाच्या हातात पाण्याने भरलेली सिरिंज द्या.