कूस बदलणारे हात

ज्यांची आई वसईतल्या एका वृद्धाश्रमात आहे अशा एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘तिच्यासाठी हवेची गादी घेतली. आता रात्री उठवून कूस बदलायची गरज नाही, असं दुकानदार म्हणतो. खरं का?’

गादी चांगलीच, पण दुकानदाराचं म्हणणं खरं नाही.

वसईच्या वाडीत केळीला पाणी सोडलंय आणि रबरी नळीवर कुणाचा पाय पडला, तर टोकाच्या आळ्यात पाणी पोचत नाही. केळ लगेच मान टाकत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशीच्या उन्हात. सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं, म्हणजे बेडसोअरचंही असंच असतं. माकडहाड, खुबा, टाच इथे हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपलं जातं आणि केशवाहिन्या मिटतात. १९३० मध्ये युजीन लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून आतला दाब मोजला. केसाहून बारीक वाहिनी, तीही जिवंत माणसाची! हा प्रयोग मला कितीदा वाचला तरी थक्क करतो. आकडा आला पाऱ्याचे सुमारे ३२ मिलिमीटर. कडक अंथरुणावर उताणं पडलेल्या कृश माणसाच्या माकडहाडाखाली याहून जास्त दाब सहज पडतो. आपण झोपेत नकळत वळतो, म्हणून वाचतो. ज्यांना वळता येत नाही, त्यांचं मांस बरेचदा आधी हाडालगत मरतं आणि कातडीवर उशिरा दिसतं.

सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली नजरेला सापडतही नाही. हाताने चाचपून बघा: ती जागा भोवतालपेक्षा गरम, टणक किंवा लिबलिबीत लागते का? लागली तर स्पिरिट-पावडर लावून चोळू नका, आतली इजा वाढते. बसायची रबरी रिंगही नको. तिच्या कडेने रक्त अडतं. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजू फार उचलली की अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आत ताण बसतो. ओला डायपर लगेच बदला, ताटात डाळ, अंडं, मासे असू द्या.

हे शहाणपण बरंचसं परिचारिकांनी कमावलंय आणि त्यांची नावं आपण घेत नाही. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. प्रकृती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, मलमूत्रावरचा ताबा अशा पाच गोष्टींना एक ते चार गुण द्यायचे. वीसपैकी चौदा किंवा कमी आले, तर बेडसोअरचा धोका. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

आणि आपल्या मुंबईत? १९७३ च्या नोव्हेंबरात केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ पर्यंत. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेच्या सुनावणीत केईएमतर्फे सर्वोच्च न्यायालयाला सांगण्यात आलं की इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही. सदतीस वर्षं! त्यांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. माझ्या लेखी हे भारतीय शुश्रूषेचं फार मोठं यश आहे, आणि त्या बहुतेक जणींची नावं कुणाला माहीत नाहीत.

आता गादीबद्दल. अमेरिका-कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी बेडसोअर होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र कूस बदलणं कुणाचंच थांबवलं नव्हतं. हवेच्या गादीचा पंप तर विजेवर चालतो. जुलै २०१८ च्या पुरात वसईत वीज किती वेळ नव्हती, ते आठवा.

तेव्हा पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारा: रात्री किती मावशी ड्युटीवर असतात, आणि आईची कूस बदलल्याच्या वेळा लिहिलेली वही बघायला मिळेल का.