३० सप्टेंबरचा पट

मुळशी धरणामागच्या डोंगरांत वाडीवरची एक शाळा आहे असे समजू. पटावर २४ मुले, त्यांतली ६ कातकरी कुटुंबांतली. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात. मुलेही जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मग या शाळेत किती मुले शिकतात?

शाळांची माहिती गोळा करणारी ‘डाइस’ पद्धत १९९४-९५ मध्ये सुरू झाली, २०१२-१३ मध्ये तिची ‘यू-डाइस’ झाली. बरीच वर्षे तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर होती. त्या दिवशी भट्ट्या पेटलेल्या नसतात. उत्तर येते २४, आणि ते खोटेही नाही!

आता दिवसांनी मोजून पाहू. शाळेचे दिवस २२० धरा. दिवाळीपूर्वी १००, नंतर १२०. बाकी कोणाचा खाडा नाही असे माना. सर्वांच्या हजेरीचे दिवस मिळून ५२८० व्हायला हवेत, होतात ४५६०. म्हणजे सरासरी ८६ टक्के. कोणताही तपासणी अधिकारी खूश होईल. पण त्या सहा जणांची हजेरी जेमतेम ४५ टक्के आहे. ती सरासरीत बुडून गेली.

फुगवलेला पट हा निराळा रोग. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, तेव्हा आकडा फुगवण्याचा मोह होणारच. म्हणून महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून. त्या वर्षी दिवाळी २६ ऑक्टोबरला होती. आपल्या सहाही जणांच्या बोटांना शाई लागली असती.

राज्यात २०१५ पासून ‘सरल’मध्ये आणि देशात २०२२-२३ पासून ‘यू-डाइस प्लस’मध्ये मुलागणिक नोंद होऊ लागली. देशाचा पट २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी होता, तो पुढच्या वर्षी २५.१८ कोटी दिसला. तेवढ्या मुलांनी शाळा सोडली असा अर्थ काढू नये. मोजण्याची रीतच बदलली होती. एकच मूल दोन शाळांत मोजले जाणे या रीतीने पकडता येते. भट्टीजवळच्या कोणत्याच शाळेत न गेलेले मूल मात्र गावच्या पटावर तसेच राहते.

हजेरीपत्रकाशेजारी एका वहीत तीन रकाने आखा: गेल्याची तारीख, ठिकाण, परतल्याची तारीख. मग वरचे गणित आपल्या शाळेसाठी करा, आणि सरासरी काढण्याआधी प्रत्येक मुलाचे दिवस वेगळे लिहा. पाचवीच्या मुलांना हे गणित सहज जमते.